क्यूबन कॉफी घरच्या घरी: बिया कुठल्या आणि भाजायच्या किती

मायामी शहरात दिवसभर जी क्यूबन कॉफी प्यायली जाते, तिच्यात क्यूबाच्या मातीत पिकलेली बी जवळजवळ नसतेच. 1962 मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार तोडला आणि तिथली कॉफी अमेरिकेच्या बंदरांत उतरणं थांबलं. 2016 मध्ये क्यूबातल्या स्वतंत्र उत्पादकांच्या कॉफीला आयातीची परवानगी मिळाली, नेस्प्रेसो या कॉफी कंपनीने त्याच वर्षी थोडा माल विकलाही. पण रोजच्या कपात त्याने काही बदललं नाही. मायामीच्या दुकानांत डबे भरून मिळते ती कॉफी ब्राझील, कोलंबिया किंवा मध्य अमेरिकेतून आलेली असते. तरीही ती क्यूबनच, आणि पिणाऱ्यांना त्यात कुठे खोट वाटत नाही.

ही गोष्ट नीट ध्यानात घेतली की घरी क्यूबन कॉफी करू पाहणाऱ्याची मोठी अडचण दूर होते. खऱ्या क्यूबाच्या बियांमागे धावायचं कारण उरत नाही. या कॉफीची ओळख तिच्या गडद भाजणीत, शेगडीवरच्या मोका भांड्यात (त्यात खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढतं) आणि पहिल्या थेंबांत साखर फेटण्याच्या रीतीत आहे. तिन्ही गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात होऊ शकतात. आणि बियांचं म्हणाल, तर आपल्या कोडगू-वायनाडची रोबस्टा या कामाला अगदी योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे.

क्यूबात कॉफी आली 1748 मध्ये. होसे अंतोनियो हेलाबेर्त याने सांतो दोमिंगोहून बी आणून हवानाजवळ लावलं, असं मानलं जातं. पण खरी लागवड वाढली ती शेजारच्या हैतीतल्या उलथापालथीनंतर. 1791 मध्ये तिथल्या गुलामांनी बंड केलं, फ्रेंच मळेवाले जीव वाचवून पूर्व क्यूबात पळाले आणि सांतियागो व ग्वांतानामोच्या डोंगरांत त्यांनी पुन्हा मळे उभे केले. तेही गुलामांच्याच श्रमावर. त्या मळ्यांचे अवशेष, वाळवणीची दगडी खळी, पाण्याचे पाट, मालकांची घरं, अजून सिएरा माएस्त्राच्या उतारांवर आहेत. 2000 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्यूबा कॉफी पिकवणारा, पिणारा आणि निर्यात करणारा देश होता. 1960 च्या सुमारास उत्पादन 60,000 टनांच्या घरात गेलं होतं. मग उतरण लागली. क्यूबन क्रांतीनंतर मळे सरकारजमा झाले, शेतकऱ्याला मिळणारा भाव परवडेनासा झाला, डोंगरातली माणसं शहरात गेली, वादळांनी अधूनमधून पूर्वेकडचे मळे झोडपले. 2010 च्या आसपास उत्पादन जेमतेम 6-7 हजार टनांवर आलं. 2010 च्याच डिसेंबरमध्ये तेव्हाचे अध्यक्ष राउल कास्त्रो यांनी संसदेत बोलून दाखवलं की व्हिएतनामी लोकांना कॉफीची लागवड क्यूबाच्या माणसांनी शिकवली आणि आता क्यूबाच त्यांच्याकडून कॉफी विकत घेते.

रेशनवर मिळणाऱ्या कॉफीची कथा याहून बोलकी आहे. 1962 पासून क्यूबात रेशनकार्ड आहे आणि कॉफीचं छोटं पाकीट त्यावर मिळत आलं. माल कमी पडला की सरकारने त्यात भाजलेल्या वाटाण्याची पूड मिसळली. मध्ये काही वर्षं हे मिश्रण बंद होतं, 2011 मध्ये ते परत आलं, निम्मी कॉफी आणि निम्मे वाटाणे. वाटाण्याची पूड पाण्यात फुगते, मोका भांड्याची गाळणी तुंबते, वाफ आत कोंडते आणि झडप चोख नसेल तर भांडं उडतं. असे अपघात क्यूबात झाले आहेत. चिकोरी मिसळलेल्या फिल्टर कॉफीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी यातून एक व्यवहाराची गोष्ट उचलावी: मोका भांड्यात चिकोरीची पूड घालू नये. तिच्यातला बराच भाग पाण्यात विरघळतो, चिकट होतो, आणि क्यूबन कॉफीच्या चवीशी तिचा काही संबंधही नाही.

देश सोडून गेलेल्यांनी ही चव बाहेर नेली आणि जपली. मूळचा स्पेनचा, क्यूबात राहिलेला ग्रेगोरिओ बुस्तेलो न्यूयॉर्कला आला आणि 1928 मध्ये ईस्ट हार्लेममध्ये कॉफी भाजू लागला. त्याचा पिवळा-लाल डबा आज अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या दुकानांत दिसतो. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी तो पाहिलेला असणार. सुतो कुटुंब क्यूबात एकोणिसाव्या शतकापासून कॉफी भाजत होतं. क्रांतीनंतर ते मायामीत आलं आणि त्यांच्या हाताखाली पिलोन हा छाप वाढला. पुढे बुस्तेलोही त्यांनी घेतला, आणि 2011 मध्ये दोन्ही छाप एका मोठ्या अमेरिकी कंपनीकडे गेले. मायामीत काये ओचो रस्त्यावर 1971 पासून चालू असलेल्या व्हर्साय या उपाहारगृहाला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी आहे. अशा खिडक्या त्या शहरात गल्लोगल्ली आहेत. तिथे ‘कोलादा’ मागितला की एका मोठ्या पेल्यात पाच-सहा जणांना पुरेल एवढी कॉफी मिळते, सोबत अंगठ्याएवढे प्लास्टिकचे पेले. तो पेला ऑफिसात न्यायचा आणि सगळ्यांना वाटायचा. एकट्याने पिण्याची ती वस्तूच नाही.

आता बियांकडे.

क्यूबन पद्धतीच्या कॉफीला आंबूसपणा नको; अंग, म्हणजे जिभेवरचा भरलेपणा, हवा. केनिया-इथिओपियाच्या फळासारख्या, लिंबाळ चवीच्या महागड्या बिया इथे वाया जातात. गडद भाजणीत त्यांचा नाजूक वास जळून जातो आणि वर साखर पडली की उरलासुरलाही दबतो. हव्यात त्या घट्ट, चॉकलेटी, कमी आंबट बिया. अमेरिकेत अशा मिश्रणाचा पाया बहुधा ब्राझीलची, फळासकट उन्हात वाळवलेली अरेबिका असते. आपल्याकडे तेच काम ‘चेरी’ प्रतीची अरेबिका करते.

भारतीय बाजारात हिरव्या बिया घेताना तीन शब्द माहीत हवेत. धुऊन, म्हणजे गर काढून वाळवलेल्या अरेबिकाला ‘प्लँटेशन’ म्हणतात. तशाच धुतलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’ म्हणतात. आणि अरेबिका असो वा रोबस्टा, अख्खं फळ तसंच वाळवलं असेल तर ती ‘चेरी’. यापुढे लागणारी ए, एबी, पीबी अशी अक्षरं दाण्याचा आकार आणि घडण सांगतात. पीबी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल दाणा धरलेला. घरच्या भाजणीला एकसारखे दाणे फार महत्त्वाचे, कारण लहानमोठे दाणे एकत्र भाजले की लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. म्हणून ए किंवा एबी घ्यावी; सरमिसळ माल स्वस्त असला तरी टाळावा.

रोबस्टाबद्दल आपल्याकडे उगाच नाक मुरडलं जातं. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या साधारण दुप्पट, साखर आणि तेल कमी, त्यामुळे ती कडक आणि कडू लागते हे खरं. पण एस्प्रेसोवर येणारा दाट तपकिरी थर आणि जिभेवरचा भरलेपणा तिच्यामुळे येतो. इटली हे भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे, आणि इटालियन एस्प्रेसोच्या मिश्रणांत आपली रोबस्टा नेमकी याच गुणासाठी जाते. ‘कापी रॉयल’ ही धुतलेल्या रोबस्टाची निवडक प्रत मिळाली तर उत्तमच. माझं प्रमाण साठ भाग चेरी अरेबिका आणि चाळीस भाग पार्चमेंट रोबस्टा. ज्यांना कडकपणा झेपत नाही त्यांनी रोबस्टा चतुर्थांशावर आणावी. मॉन्सून्ड मलबार, म्हणजे किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी हवा देऊन फुगवलेली कॉफी, हाही चांगला पर्याय आहे: आंबटपणा जवळजवळ नाही आणि अंग भरपूर. फक्त ती मुळातच फिकट पिवळसर असते, त्यामुळे भाजताना रंगावर भिस्त ठेवता येत नाही. आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्याला कॉफी होते, पण ती थोडी. बाजारात येणारा माल मुख्यतः कर्नाटक आणि केरळचाच.

भाजण्यासाठी लोखंडी कढई चालते, एका अटीवर: ती फक्त कॉफीसाठी ठेवायची. फोडणीच्या कढईत मुरलेला हिंग-मोहरीचा वास गरम बिया लगेच ओढून घेतात आणि तो शेवटपर्यंत जात नाही. परदेशात अनेक जण गरम हवेच्या पॉपकॉर्न यंत्रात भाजतात, तेही सोयीचं आहे. आपल्याकडे गॅसवर फिरवायचे छोटे पिंपही मिळू लागले आहेत. पण शिकायचं असेल तर कढई बरी, कारण बी डोळ्यांसमोर बदलताना दिसते.

एका वेळी 200 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. कढई मध्यम आचेवर तापू द्यावी, बिया टाकाव्यात आणि लाकडी उलथन्याने हलवायला लागावं. हात एकदाही थांबता कामा नये. हिरव्या बीत 10 ते 12 टक्के पाणी असतं. पहिली चार-पाच मिनिटं ते निघून जाण्यात जातात; बी फिकट होते, मग पिवळी, आणि ओल्या गवतासारखा वास येतो. पुढे पावासारखा खमंग वास सुटतो, रंग दालचिनीवर येतो, वरची पातळ साल सुटून कढईत फिरू लागते. इथे साखर आणि अमिनो आम्लं यांची रासायनिक क्रिया चालू झालेली असते. कॉफीचा रंग आणि बराचसा वास तिच्यातूनच तयार होतो.

आठ-दहा मिनिटांनी, बीचं तापमान 196 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की पहिली तडतड सुरू होते. आत कोंडलेली वाफ आणि वायू बी फोडून बाहेर पडतात. आवाज ज्वारीच्या लाह्या फुटताना येतो तसा, मोकळा आणि ठळक. बी फुगते, पोटातली चीर उघडते. फिल्टर कॉफीवाले पुष्कळ जण इथून थोडं पुढे जाऊन थांबतात. क्यूबन भाजणीला इथे थांबून चालत नाही.

तडतड ओसरते, मिनिटभर शांतता पडते आणि धूर वाढू लागतो. आता आच थोडी कमी करावी. मग 225 अंशांच्या जवळपास दुसरा आवाज येतो: बारीक, चटचट, घाईघाईचा. कान देऊनच ऐकावा लागतो. या वेळी कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बीच्या पेशींच्या भिंती मोडत असतात आणि आतलं तेल पृष्ठभागाकडे यायला लागतं. हाच तो क्षण. चटचट नीट लागली, वीसेक दाणे वाजले, एखाद्या दाण्यावर तेलाचा ठिपका चमकला की कढई खाली घ्यायची. डब्यातली मायामी कॉफी अनेकदा याच्याही पुढे, पार काळीकुळकुळीत भाजलेली असते. मला तो अतिरेक वाटतो. भाजताना बीतली क्लोरोजेनिक आम्लं मोडतात आणि त्यांच्यातून आधी सौम्य कडू, नंतर फेनिलिंडेन नावाची जहाल, घशाला धरणारी कडू द्रव्यं बनतात. दुसऱ्या तडतडीच्या सुरुवातीला थांबलं तर कडूपणा साखरेशी जुळतो. आणखी दोन मिनिटं गेलं तर नुसता कोळसा लागतो.

बी आचेवरून काढली तरी आतल्या उष्णतेने भाजत राहते. म्हणून ती लगेच मोठ्या चाळणीत ओतावी आणि पंख्याखाली हलवत चार मिनिटांच्या आत हाताला कोमट लागेल इतकी गार करावी. मग सुपात घेऊन अंगणात किंवा गच्चीत पाखडावी. पाखडण्याचं हे काम ज्यांच्या घरी अजून सूप आहे त्यांनी सुपानेच करावं. चाळणीला जे जमत नाही ते एका झटक्यात होतं, साल उडून जाते आणि बी जागेवर राहते.

धुराबद्दल स्पष्ट सांगायला हवं. इतक्या गडद भाजणीत धूर भरपूर होतो. खिडक्या उघड्या हव्यात, पंखा बाहेर हवा फेकणारा हवा, दम्याचा त्रास असणारं माणूस त्या खोलीत नको. सुटलेली साल आणि तेलकट बी पेट घेऊ शकते. घट्ट बसणारं स्टीलचं झाकण हाताशी ठेवावं. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण लावायचं, पाणी ओतायचं नाही.

वजन हा चांगला मास्तर आहे. 200 ग्रॅम हिरव्या बियांचे भाजून 165 ग्रॅमच्या आसपास भरले तर भाजणी बरोबर जमली. 160 च्या खाली गेलं तर जास्त भाजलं, 170 च्या वर राहिलं तर अजून वाव होता. आणि रोबस्टा नेहमी वेगळी भाजावी, भाजून गार झाल्यावर मिसळावी. तिचा दाणा टणक असतो, त्याला आच जास्त लागते आणि तडतड दबकी येते. अरेबिकासोबत टाकली तर दोघींचंही नुकसान होतं.

भाजल्या दिवशी कॉफी करायची घाई करू नये. बीतून पहिले दोन-तीन दिवस वायू जोरात सुटत असतो, तेव्हा केलेली कॉफी फेसाळ आणि तुरट होते. बरणीचं झाकण पहिल्या दिवशी सैल ठेवावं, मग घट्ट लावावं. चौथ्या दिवसापासून चव बसते. गडद भाजलेल्या बीचं तेल वर आलेलं असल्यामुळे ती लवकर खवट होते. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच भाजावं.

मोका भांडं अल्फोन्सो बियालेत्ती याने 1933 मध्ये इटलीत बाजारात आणलं. क्यूबातल्या घरांत त्याला ‘काफेतेरा’ म्हणतात. त्यात दीड-दोन बारपेक्षा जास्त दाब तयार होत नाही, एस्प्रेसो यंत्रात नऊ बार असतो. म्हणून काटेकोर अर्थाने ही एस्प्रेसो नव्हे, आणि तिच्यावर तसा थरही येत नाही. क्यूबन घरांनी ही उणीव साखरेने भरून काढली.

तीन कपांच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत गरम पाणी भरावं आणि जाळीत सोळा-सतरा ग्रॅम पूड सपाट भरावी. पूड बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक असावी. दाबू मुळीच नये. आपल्या गॅसच्या जाळीवर एवढं लहान भांडं डगमगतं, त्याखाली पोळी भाजायची जाळी ठेवावी. आच मंद. दरम्यान एका स्टीलच्या पेल्यात तीन चमचे साखर घ्यावी. आपली बाजारची साखर जाड दाण्याची असते, ती मिक्सरमधून एकदाच फिरवावी. पिठीसाखर होऊ देऊ नये.

आता लक्ष फक्त भांड्याच्या तोटीकडे. पहिली काळीभोर कॉफी वर येऊ लागली की चमचाभर, फक्त चमचाभर, साखरेवर ओतायची आणि भांडं परत आचेवर ठेवायचं. हे पहिले थेंब सर्वांत दाट असतात. मग चमच्याने पेल्याच्या कडेला घासत साखर जोराने फेटायची. आधी ती ओल्या वाळूसारखी गोळा होते, मग सैल पडते, आणि दीड-दोन मिनिटांत गडद तपकिरीची फिकट बदामी होऊन दाट रिबिनीसारखी पडू लागते. पाणी इतकं थोडं असतं की सगळी साखर विरघळू शकत नाही. त्या घट्ट पाकात फेटताना शिरलेली हवा अडकून राहते. कॉफी जास्त ओतली तर पाक पातळ होतो आणि हवा धरत नाही, मग कितीही फेटलं तरी उपयोग नाही. भांडं खळखळायला लागताच गॅस बंद करावा, उरलेली कॉफी फेटलेल्या साखरेवर बारीक धारेने सोडावी आणि एकदा ढवळावं. फेस आपसूक वर येतो. याला तिकडे ‘एस्पुमिता’ म्हणतात, आणि तो नसेल तर क्यूबन माणूस त्या कॉफीला आपली म्हणणार नाही.

ती लहान पेल्यांत घ्यावी, फार तर 40 मिलिलिटर. वर तेवढंच गरम दूध घातलं की ‘कोर्तादितो’ होते; मोठ्या कपभर दुधात घातली की न्याहारीची ‘काफे कॉन लेचे’, जी मायामीत लोणी लावून दाबून भाजलेल्या पावाबरोबर खातात. साखर कमी करून ही कॉफी करू नये असा माझा आग्रह आहे. ज्यांना साखर चालत नाही त्यांनी याच बियांची दुसरी कुठलीही कॉफी करावी, ती छानच होते. पण ही पाककृती साखरेवरच उभी आहे.

कर्नाटक-केरळातली रोबस्टाची तोडणी साधारण मार्चपर्यंत आटोपते, अरेबिका त्याआधीच घरी आलेली असते. त्यामुळे एप्रिल-मे हा हिरव्या बिया घ्यायला चांगला काळ. पावसाळी हवेत त्या ओल धरतात, म्हणून त्याआधीच घट्ट डब्यात भराव्यात. विक्रेत्याला माल कुठल्या हंगामाचा आहे, चेरी आहे की धुतलेला, आणि गोणी कुठे साठवली होती, एवढं जरूर विचारा. नीट उत्तर देणाराच विक्रेता निवडा, आणि पहिल्या वेळी दोन्ही जातींच्या मिळून एक किलोपेक्षा जास्त बिया घेऊ नका.